दुधात न बुडवलेला हात

आक्का,

तुझ्या शोकसभेत मला मळमळलं.

दुःखानं नव्हे. दुःख घशात येतं, हे आई गेली तेव्हापासून मला माहीत आहे. हे पोटातलं होतं, नासकं काही खाल्ल्यावर होतं तसं. कॉलेजच्या हॉलमध्ये तुझा फोटो ठेवला होता, त्याला निशिगंधाचा हार होता, आणि कुणा भाबड्या शिपायानं तुझा सूक्ष्मदर्शक शेजारी आणून त्यालाही हार घातला होता. तू असतीस तर आधी तो हार काढला असतास. "पाणी जाईल रं भिंगात!" मग स्वतःच्या फोटोकडं बघून म्हणाली असतीस, "आन् ह्यो कुठला फोटो काढलाय? ह्यात मी आधीपासनंच मेल्यागत दिसतीया."

तुझे विभागप्रमुख बोलायला उठले आणि त्यांनी तोच प्रसंग सांगितला. दरवर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी तू सांगायचीस तो. एका शेतात प्रयोग लावला होता. हात दुधात बुडवून तंबाखूची रोपं लावायची होती. पण शेतमालकाच्या घरच्या बायकांनी त्या दुधात हात घातला नाही, कारण त्याला एका दलित बाईचा हात लागला होता. अशा रीतीनं एका चांगल्या प्रयोगाचा जीव माणसांच्या किळसेनं घेतला. मुली रडत होत्या. मी पहिल्या रांगेत, सख्खा भाऊ म्हणून, पांढऱ्या सदऱ्यात बसलो होतो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. होय म्हणून.

त्या मान हलवण्यानं मला मळमळलं.

तो प्रयोग तसा फसला नव्हता, आक्का. तो कुणी बिघडवला हे मला दहा वर्षं माहीत आहे, आणि दहा वर्षं त्याचं खापर त्या शेतमालकाच्या, गुंडूआप्पांच्या डोक्यावर आहे. अशा लेखांत 'सांगायचं राहून गेलं' असं लिहायची पद्धत असते. राहून बिहून काही गेलं नाही. मी सांगितलं नाही.

आता कॉलेजवाले तुझ्यावर स्मरणिका काढतायत, आणि भावानं चार ओळी लिहाव्यात असा त्यांचा आग्रह आहे. तेव्हा सांगतो. तुला बरंचसं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्या पोरींना नाही, म्हणून पहिल्यापासून.

आपलं घर म्हणजे तंबाखू. बाबा निपाणीच्या वखारीत पोती वाहायचे, आई घरी विड्या वळायची, आणि ती बारीक धूळ भाताच्या पातेल्यापासून आपल्या वह्यांपर्यंत सगळीकडं बसलेली असायची. पीठ मळायच्या आधी आई राखेनं तीनदा हात घासायची, तरी भाकरी कडवट लागायची. भाकरी मुळातच कडू असते असा कितीतरी वर्षं माझा समज होता. तुला त्या वासाचा लहानपणापासून तिटकारा. विड्यांचे कट्टे बांधतानासुद्धा तुझं तोंड भिंतीकडं असायचं. आणि मी पंधराव्या वर्षी पहिली चिमूट गालात धरली. एकाच धुळीत वाढलेली भावंडं. एकीला उमासे यायचे म्हणून ती शिकली, दुसऱ्याला चव लागली म्हणून तो त्याच वखारीत कारकून झाला.

तू सूक्ष्मजीवशास्त्र शिकून आलीस आणि आपल्याच भागातल्या एका शेतकी केंद्रात लागलीस तेव्हा मला वाटलं होतं, आता तुझी तंबाखूतून सुटका झाली. कसली सुटका! तू तंबाखूचाच रोग धरलास. एक दिवस मी जेवत असताना माझ्या ताटाशेजारी एक पान आणून ठेवलंस. गोधडीसारखं पान, फिक्या हिरव्याचा एक तुकडा, गडद हिरव्याचा एक, कडेला वेडंवाकडं आक्रसलेलं.

"ह्यो रोग कोण आणतंय, सांग."

"कीड."

"न्हाय. माणूस. तंबाखू खाणारा माणूस."

मग सांगितलंस. हा विषाणू. साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाही एवढा बारीक. वाळलेल्या पानात, पुडीत, खिशात वर्षानुवर्षं पडून राहतो. खात नाही, हलत नाही, जिता की मेला ते सांगता येत नाही. पण कोवळ्या पानाला नखाचा ओरखडा पडला की आत शिरून कामाला लागतो.

"म्हंजे आमच्या वखारीतला हेडक्लार्क," मी म्हटलं.

"हेडक्लार्क रिटायर होतोय. ह्यो होत न्हाय." आणि मग तुझं ते तोंड केलंस. "ज्या अंगठ्यानं चुना मळायचा, ज्यानं गालात कोंबायची, त्योच थुंकीचा अंगठा पुसायचा धोतराला आन् लावायचा रोपाला. थू! इच्यार करून बघ जरा."

मी विचार केला. जेवण पुरं केलं, मग परसात जाऊन तंबाखू मळली. माझी किळस पहिल्यापासून कामचुकार.

आई गेली त्या आठवड्यात मात्र मी तुझ्यासमोर शपथ घेतली की सोडली. तू विश्वास ठेवलास.

दुधाचं तू कुठल्यातरी परदेशी नियतकालिकात वाचलं होतंस. हात दुधात बुडवून रोपं हाताळली तर दुधातल्या कशानं तरी विषाणू लुळा पडतो. नेमका कशानं, ते तिकडं अजून शोधत होते. तुला ते आपल्या मातीत, आपल्या बायकांच्या हातांनी करून बघायचं होतं. औषध नको, पंप नको. गोठ्यातलं साय काढलेलं दूध आणि एक बादली. "हे जमलं ना किसन्या, तर संशोधनाचा पैला कागद माझ्या नावावर निघंल," म्हणालीस. एवढ्या उघडपणे तू काही मागितल्याचं मला तेव्हाच आठवतं. केंद्रानं सांगितलं, शेतकरी तुमचा तुम्ही शोधा. ती आणीबाणी उठल्यानंतरच्या पावसाळ्याची गोष्ट.

शेतकरी मी शोधला. हेही माझंच कर्तृत्व. गुंडूआप्पा वखारीत माल घालायला यायचे, म्हणून ओळख. वेदगंगा नदीच्या अलीकडं त्यांचं रान. आपण दोघं गेलो. तू बोलायला लागलीस, आणि ते टोपी मागं सारून ऐकत राहिले.

"दुधानं हात धुवायचं? लगीन हाय व्हय कुणाचं?"

"लगीनच म्हणा, आप्पा. तुमच्या रोपांचं."

"मग वरमाय कोण?"

"मी की."

ते असे हसले की गोठ्यातली म्हैस दचकली. "घ्या बाई. आठ सऱ्या तुमच्या. दूधबी माझंच घ्या."

चार सऱ्या दुधाच्या, चार नेहमीसारख्या, असं ठरलं. मग चहा आला. आप्पांच्या म्हातारीनं तो ओसरीच्या खाली, एका दगडावर ठेवला. तुझा कप आणि माझा कप, दोन्हींचे कान तुटलेले. आपण प्यालो. आपणच विसळले, दगडावर उपडे घातले. आप्पा त्या वेळी आभाळाकडं बघत पावसाचा अंदाज घेत होते. आभाळात एक ढग नव्हता. बसमध्ये तू आठ सऱ्यांचा नकाशा वहीत काढत बसलीस. निपाणीचा स्टँड आल्यावर म्हणालीस, "च्या चांगला हुता."

लावणीच्या दिवशी तुझा थाट फौजदाराचा. बांधावर फडकं अंथरलंस आणि आलेल्या प्रत्येक बाईकडून तंबाखूची चंची काढून घेतलीस. आप्पांच्या दोन सुनाही कामाला होत्या. मिश्रीची डबी दोघींनी मुकाट काढून ठेवली. सावित्रा मावशी तेवढी भांडली. "बाई, ह्ये तर नागवं केल्यागत झालं!"

"सांजच्याला परत देते, मावशी."

"आन् ह्येंची?" तिनं माझ्याकडं हनुवटी उडवली.

"माझा भाऊ न्हाय खात," तू म्हणालीस.

माझ्या पायजम्याच्या नेफ्यात चंची होती. अंगाला ऊबदार लागत होती. मी सावित्रा मावशीकडं बघून सोज्वळ हसलो.

दूध बघितल्यावर ती पुन्हा बोललीच. "आमच्या प्वारास्नी च्यात घालाय दूध न्हाय, आन् ह्या मुडद्या तंबाकूला आंघूळ!" तू खाली मान घातलीस. तिचा हिशेब बरोबर होता, हे तू नंतरही कबूल करायचीस. पण तिनं हात बुडवला. सगळ्यांनी बुडवला.

शेतात दुधाची बादली म्हटलं की कानाला कसं मंगल वाटतं. दुपारी बघायला यायचं. चौदा बायकांचे चिखलाचे हात शंभर वेळा बुडून ते दूध राखाडी झालं होतं. वर पानांचा हिरवा रस, कडेला फाटलेल्या दुधाच्या गुठळ्या, त्यांवर माश्या. काही मेलेल्या, काही मरायच्या बेतात. उन्हानं आंबून त्याला असा वास सुटला होता की आप्पांचं कुत्रं जवळ येऊन हुंगून परत गेलं. बायका तोंड फिरवून हात घालत होत्या. आप्पांची धाकटी सून पोटुशी होती. दर खेपेला ती उमासा दाबायची, डोळे मिटायची आणि मनगटापर्यंत हात बुडवायची. मी हे दहा हातांवरून बघत होतो, आक्का. डोळ्यांनी.

तू वरच्या अंगाला तरव्यात होतीस, रोपं उपटून घेत होतीस. सऱ्यांच्या तोंडाला मी. तिकडून आलेल्या जुड्या उचलायच्या, बायकांना द्यायच्या, एवढंच माझं काम. आणि मी त्या दुधात हात घातला नाही. मला किळस आली. वखारीतल्या कारकुनाला, ज्याच्या गालात पंधराव्या वर्षापासून कुजकी पानं असतात, त्याला दुधाची किळस आली! मी मनाशी म्हटलं, मी कुठं लावणी करतोय? मी तर नुसता देतोय.

दुपारी लघवीचं निमित्त करून बांधापलीकडं गेलो, चुना लावला, मळली, गालात धरली, अंगठा सदऱ्याला पुसला. परत येऊन बघतो तर जुड्यांतली खालची काही पानं पिवळी. तुझा प्रयोग, तुझ्या भावाची देखरेख. जुडी कशी देखणी दिसायला हवी. मग मी प्रत्येक जुडीतली पिवळी पानं त्याच अंगठ्याच्या नखानं खुडत बसलो. आठही सऱ्यांच्या. मन लावून. आयुष्यात इतकं मन लावून मी वखारीत एक कागद लिहिला नसेल.

तीन आठवड्यांनी आपण गेलो तेव्हा आठही सऱ्यांत गोधडीची पानं. तू उकिडवी बसत, पान उलटं करत, पुढं सरकत, पुन्हा बसत शेवटपर्यंत गेलीस. दुधाच्या सऱ्या कुठल्या आणि बिनदुधाच्या कुठल्या, हे खुंट्या बघितल्याशिवाय कळत नव्हतं. बांधावर येऊन बसलीस. "दूध चुकलं," म्हणालीस. मग खुंट्यांकडं बघत, "का वापरलंच न्हाय कुणी? किसन्या, तू हुतास दिवसभर. खरं सांग. कुणी हात बुडवलं न्हाईत?"

मी माझ्या अंगठ्याकडं बघितलं. नख पिवळं होतं, कडा काळ्या. त्या क्षणी मला सगळं समजलं. तुझं ते पान, तो हेडक्लार्क, सगळं. मला समजायला उशीर लागला असं म्हणायची सोय मी ठेवलेली नाही.

समोर आप्पांचं घर होतं. ओसरीखालच्या दगडावर दोन कप उपडे.

"आप्पांच्या सुना," मी म्हटलं. "तुझा हात लागलेलं दूध म्हणून."

खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. निम्मा पुरावा तिथं दगडावर तयार होता.

तुझा चेहरा मी बघितला. तंबाखूच्या वासानं व्हायचा तसा नाही. त्याहून जुना काहीतरी चेहरा. तू उठून सरळ ओसरीसमोर गेलीस. मी मागून, वासरासारखा.

"आप्पा, तुमच्या सुनांनी दुधात हात घातलं न्हाईत?"

"कोण म्हणतंय?"

"माझा भाऊ."

गुंडूआप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हशीकडं बघितलं. ते म्हणाले, "बाई, च्याचा कप येगळा ठेवला, त्ये खरं. म्हातारीचं खूळ. पर म्या गप बसलो, म्हंजे माझंबी झालं. त्येच्यासाठी मला चपलेनं मारा. पर दुधात माझ्या सुनांनी हात घातलं. धाकटीनं वकत वकत घातलं. आमचं पाप आमाला ठाव हाय. ह्ये आमचं न्हवं."

"मी माझ्या भावावर इस्वास ठेवते," तू म्हणालीस.

एवढंच. प्रयोगशाळेत नातं आणायचं नसतं, असं तू मला कितीदा सुनावलं होतंस, वखारीत कुणाच्या मेव्हण्याला नोकरी लागली की त्यावरूनसुद्धा. तुझा तो नियम तू एकदाच मोडलास.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. तू अहवालात लिहिलंस की सूचना पाळल्या गेल्या नाहीत. केंद्रानं फाईल मिटली. पुढच्या वर्षी परवानगी नाही, त्याच्या पुढच्या वर्षी तुझं टेबल कोपऱ्यात. मग तू बेळगावात शिकवायला लागलीस, जवळच्या मच्छे गावात घर घेतलंस, आणि शिकवण्यात असं नाव काढलंस की लोक म्हणायचे, बरं झालं ते रान सुटलं. मीही म्हणायचो. तू कधी म्हणाली नाहीस.

एकदा तू मला तुझ्या प्रयोगशाळेत नेलंस. दह्याचा थेंब काचेवर घेतलास, रंग चढवलास आणि म्हणालीस, डोळा लाव. जांभळ्या काड्या, मण्यांच्या माळा, सगळी कशी दाटी. "हे सगळं तू रोज भातासंगं खातोस." मी आठ दिवस दही सोडलं. तू पोट धरून हसलीस. "ज्येची किळस यायची त्येची येत न्हाय, आन् दह्याची येतीया!" त्या दह्यावरून तुझा आणि माझा वाद सुरू झाला. मी म्हणायचो, किळस ही निसर्गानं दिलेली राखण आहे. तू म्हणायचीस, राखण नव्हे, शिकवलेली खोड आहे; नाहीतर लोकांना माणसाची आली नसती. आणि उदाहरण म्हणून आप्पांच्या सुना. दर खेपेला. तिथं मी हरायचो आणि तुला वाटायचं, तुझा मुद्दा पटला म्हणून.

तू चौदा एप्रिलला जयंतीच्या सभेत तो प्रसंग सांगितलास तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. गालात तंबाखू होती.

गेल्या साली तू एक कात्रण घेऊन निपाणीला आलीस. अमेरिकेत त्यांनी तंबाखूच्या रोपात त्याच विषाणूच्या अंगरख्याचं, म्हणजे बाहेरच्या आवरणाचं, जनुक बसवलं होतं. रोप स्वतःच्या पेशीत तो अंगरखा विणत राहतं आणि मग खरा विषाणू आला तरी रोग उशिरा येतो, किंवा येतच नाही. तुझे डोळे असे चमकत होते की मला आपल्या लहानपणीची तू दिसलीस.

"मग आता हात धुवायलाच नको," मी म्हटलं.

"ती रोपं आपल्या वेदगंगेवर यायला किती जन्म लागतील कुणाला ठाव. तवर दूधच हाय." आणि मग हळूच, "किसन्या, आप्पांकडं परत जाऊया का रं? परत लावूया का?"

आक्का, दार उघडं होतं. तू स्वतः उघडून धरलं होतंस. मी म्हटलं, "जाऊ दे गं. त्या लोकांकडं कशाला परत तोंड घालतीस?" तू कात्रणाची घडी केलीस. मी तुझा दुसऱ्यांदा प्रयोग मारला, आणि ह्या खेपेला मला अंगठासुद्धा लागला नाही.

तर ती शोकसभा. मान हलवून झाल्यावर मी तोंड पुसायच्या निमित्तानं मागं वळलो. शेवटच्या रांगेत गुंडूआप्पा बसले होते. टोपी हातात, पायाशी पिशवी. पेपरात वाचून दोन बस बदलून आले होते, हे नंतर कळलं. त्यांचं नाव कुणी घेतलं नव्हतं, पण ती गोष्ट कुणाची हे त्यांना दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. मुली रडत होत्या आणि ते त्या मुलींकडं बघत होते. मग उठले, तुझ्या फोटोला लांबूनच हात जोडले आणि गेले.

मी मागून बेळगावच्या स्टँडवर गेलो. पळत. ह्या वयात, ह्या पोटानं. लोकांना वाटलं असेल माझी बस सुटली. ते निपाणीच्या फलाटाशी बाकावर होते. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. चंची, नख, पिवळी पानं. एका दमात. बस आली, गेली.

"पुडी हाय?" ते म्हणाले.

मी दिली. तुझ्या मयतातही ती माझ्याजवळ होती, आता लपवून काय करू. त्यांनी सावकाश मळली, गालात धरली, बाकाच्या कडेला थुंकले.

"धाकटीच्या म्हायारात पावण्यांनी तोंडावर इच्यारलं. म्हणं, दुधात हात घालाय लाज वाटली व्हय? पोर रडली. कुणाकुणाला सांगत फिरणार?" पुन्हा थुंकले. "किसन, तू लई घाण माणूस हायस."

"व्हय, आप्पा."

"कपाचं माझं हाय. त्ये मी सोडवत न्हाय, त्ये माज्यासंगं जाईल. पर ह्ये तुजं हाय."

"व्हय."

"मला कशाला सांगाय आलास?"

"तिला सांगायचं राह्य..." मी थांबलो. "तिला सांगितलं न्हाय."

त्यांनी पायाशी ठेवलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली. मला वाटलं, आता उठतील, आणि तेच बरं. "लावणीला आठ दिस हायत," ते म्हणाले. "तिच्या पोरी घिऊन ये. आठ सऱ्या देतो, दूध देतो. तू रोपाला हात लावायचा न्हाईस. बांधावर बसायचंस. लोकांनी इच्यारलं तर का बसलोय त्ये सांगायचंस."

गेल्या सोमवारी लावणी झाली. तुझ्या सहा विद्यार्थिनी आल्या. त्यांना आदल्या दिवशी मी सगळं सांगितलं होतं. त्यांतली मंगल, सगळ्यात हुशार म्हणून तू जिचं कौतुक करायचीस, ती माझ्याशी आता कामापुरतंच बोलते. बरोबर आहे. तुझ्या विभागप्रमुखांनाही सांगितलं. त्यांचा लेख स्मरणिकेत आधीच छापायला गेला होता. म्हणाले, तो परिच्छेद काढू. मी म्हटलं, काढू नका, खाली मी लिहितो.

आप्पांची म्हातारी आता नाही. चहा धाकटीनं आणला, कप सगळे एकसारखे. पण थोरली आतून बाहेर आली नाही, आणि आप्पा पुन्हा आभाळाकडं बघत होते. तुला खोटं चित्र देणार नाही. दूध दुपारी तसंच नासलं. तसाच वास. एका पोरीनं कडेला जाऊन ओकून घेतलं, चूळ भरली आणि परत येऊन कोपरापर्यंत हात बुडवले. धाकटीनं तिच्याकडं बघून म्हटलं, "हुईल सवय." मी बांधावर काखेत हात घालून बसलो होतो. सावित्रा मावशी, आता पार वाकलेली, माझ्यासमोर उभी राहिली. "का वो, आज नुसतंच बसलाय?" मी सांगितलं. सगळं. तिनं ऐकून घेतलं, मग माझ्या नेफ्याकडं बोट दाखवून म्हणाली, "तवा मला वाटलंच हुतं!" आणि कामाला गेली.

तुझा तो निकाल काय लागेल ते मला माहीत नाही. पानं बोलायला अजून वेळ आहे, आणि निकाल आधी ठरवणाऱ्यांची तुला किती चीड होती हे मी विसरलेलो नाही. एवढंच सांगतो की त्या दिवशी आठही सऱ्यांत जे जे हात लागले ते कुणाचे होते, हे ह्या खेपेला माहीत आहे.

सूर्य कलल्यावर मंगल वही घेऊन एकेकीपुढं जाऊन नाव लिहीत होती. नाव, कुठली सरी, हात बुडवले की नाही. शेवटी माझ्यासमोरून पुढं निघाली.

"माझं लिहिलं न्हाईस," मी म्हटलं.

ती थांबली. दिवसभरात पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं. "मामा, तुम्ही कुठं हात लावलाय?"

"तेच लिही. हात लावला नाही. पण नाव लिही. मागच्या बारीला राहिलं होतं."